ठोक्यांमधलं अंतर

जामनेरहून येऊन धुळ्याच्या एका खासगी रुग्णालयात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा ईसीजीची पट्टी वाचायला शिकणं आम्हा सगळ्यांना सक्तीचं झालं. शिकवायला माणूस नव्हता. स्टाफरूममधल्या संगणकावर एक कोर्स होता. कोणता धडा आधी घ्यायचा, कोणता सोडायचा, उत्तर केव्हा उघडायचं, सगळं आपल्या मर्जीवर. मी पट्टी बघायची आणि अंदाजाने एक पर्याय दाबायची. चुकलं की लगेच बरोबर उत्तर यायचं, त्याखाली कारणही यायचं. कारण मी वाचायचीच नाही. 'पुढे' दाबून मोकळी. आठवड्याभरात सगळ्या धड्यांपुढे हिरव्या खुणा आल्या.

आमच्या इन्चार्ज सिस्टरना आम्ही अक्का म्हणायचो. साक्रीकडच्या, वयाने माझ्या आईएवढ्या. सगळं झालं का, असं त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं, "बठ्ठं व्हयनं?"

"हो, अक्का."

त्यांनी एका फाइलमधली जुनी पट्टी माझ्यापुढे धरली. "मंग हाई काय शे, सांग."

मी पट्टी उलटसुलट करून पाहिली. समोर चार पर्याय नसताना मला ती वाचता येईना. "त्या कोर्समध्ये नीट शिकवतच नाहीत," मी पुटपुटले.

"बटण तुझ्याच हातात होतं ना?" एवढं बोलून त्या वॉर्डात गेल्या.

आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. दुसऱ्या दिवशी ड्यूटीच्या अर्धा तास आधी येऊन मी पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. आधी वहीत उत्तर लिहायचं, ते का तेही लिहायचं, मगच बटण. चुकलं तर संगणकाने दिलेलं कारण वाचून आपल्या शब्दांत उतरवायचं. वीसेक पानं झाल्यावर माझी खोड मलाच दिसली. मी लाटांचा आकार बघून उत्तर ठोकून देत होते. दोन ठोक्यांमधलं अंतर मी कधी मोजलंच नव्हतं. मग मुद्दाम तेच कंटाळवाणे धडे पुन्हा पुन्हा घेतले.

महिन्याभराने भडगावकडचे एक आबा धाप लागली म्हणून आले. त्यांची पट्टी निघाली. एका कोऱ्या कागदाच्या कडेवर पहिल्या काही ठोक्यांच्या खुणा करून मी तो पट्टीवरून पुढे सरकवत गेले. खुणा कुठेच जुळेनात.

"काय शे वो ताई?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"डॉक्टरांना बोलावते, आजी." फोनवर मी सांगितलं, "सर, ठोके अनियमित आहेत. मोजून बघितलंय."

डॉक्टरांनी येऊन पट्टी पाहिली, मान डोलावली आणि उपचार सुरू केले. चौथ्या दिवशी आबा चालत घरी गेले.

सध्या व्हेंटिलेटरचा कोर्स घेतलाय. पहिल्या धड्यात दहापैकी सात चुकले. उद्या तोच धडा परत.