एका टाचेला एकच गिअर

लकव्याने माझ्या नवऱ्याची डावी बाजू गेली, तेव्हा आमच्या मोटारसायकलचा क्लच आणि गिअर दोन्ही एकदमच गेले. गाडी बनवणाऱ्याने सगळी करामत डाव्या हातापायाला देऊन ठेवली आहे. उजवीकडे उरते रेस आणि दोन ब्रेक. म्हणजे माणूस जोरात जाऊ शकतो आणि थांबू शकतो, मधलं काही नाही. हे मी दवाखान्यातच बोलून दाखवलं. सिस्टर हसली. नवराही हसला, पण अर्ध्याच तोंडाने.

तळोद्याला घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. त्यांना मी सगळा प्रसंग उभी राहून करून दाखवायचे. जेवताना घास कसा गालातच राहिला, मी ‘गिळा ना’ म्हणून कशी ओरडले, ते माझ्याकडे बघत बघत कसे आडवे पडले. बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि पदराआड हसायच्या. चहा व्हायचा. मला रडू आलं नाही. मी वाट पाहिली, म्हटलं उशिरा येईल. दाताच्या डॉक्टरकडून परत आल्यावर ओठ आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही, तसं काहीतरी आत झालं होतं. बाहेरून मी होते तशीच, उलट जरा जास्तच बडबडी.

लग्नाआधीपासून ते गाडीला दोन पेट्या बांधून मोलगीच्या आठवडे बाजाराला जायचे. बांगड्या, मणी, कंगवे, आरसे. डोंगरातल्या बायकांशी त्यांच्याच बोलीत बोलायचे. कोणत्या गावच्या बाईला कोणत्या रंगाचे मणी लागतात, हे त्यांना ती तोंड उघडण्याआधी कळायचं. बाजारात बसायची जागा ठरलेली होती, महूच्या, म्हणजे मोहाच्या झाडाखाली.

अशी जागा कागदावर नसते. नेहमीचा दुकानदार आला नाही, तर शेजारचा त्याच्या जागेवर एक दगड ठेवतो. दगड असेपर्यंत तिथे कोणी पथारी टाकत नाही. पण दगडाचा मान किती बाजार राखायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. आमच्या शेजारी मिरची विकणाऱ्या मावशीने दगड ठेवला होता. तिचा निरोप एका जीपवाल्याबरोबर आला. मोबाइलची कव्हरं विकणारा कुणी नवा माणूस दगडाला खेटून उभा असतो, पुढच्या बाजाराला आला नाहीत तर तो बसणारच.

निरोप ऐकून नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवायला उठला नाही. दिवसभर नाही.

संध्याकाळी दीर गाडी विकायचा सल्ला घेऊन आले. म्हणाले, “वहिनी, गाडी इकी टाका ना. आते ती कोन चालाडी?”

“मी,” मी म्हटलं.

दीर पाणी पीत होते. त्यांना असा ठसका लागला की भिंतीकडचं तोंड इकडे वळलं.

जीपने जाता आलं असतं असं लोक म्हणतात. मोलगीच्या जीपमध्ये माणसं कशी भरतात हे त्यांनी पाहिलेलं नाही. ज्याचा एक पाय स्वतःचा नाही, त्याला त्या गर्दीत कुठे ठेवणार? गाडीवर मागे तरी ते पूर्ण बसत होते. डावा पाय फूटरेस्टवरून घसरायचा, म्हणून आम्ही सायकलच्या ट्यूबचा फास करून त्यात तो अडकवला. त्यांचे बूट मी घातले, पुढे कागदाचे बोळे कोंबून. चपलेत टाच नीट बसत नव्हती.

शहाद्याच्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. गिअर वाढवणं सोपं. पट्टी पुढून चवड्याने दाबत गेलं की पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. गाडी खूष, आपण खूष, वारा तोंडावर. उतरवायचा म्हणजे तीच पट्टी मागून टाचेने दाबायची, आणि सगळा तमाशा तिथे.

पहिल्या दिवशी पुढे उसाची ट्रॉली आली. मी हळू झाले, पण चौथ्यातच राहिले. गाडीला हीव भरल्यासारखं झालं, धडधडून भर रस्त्यात मेली. मागे हॉर्नची आरती. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज उतरवतेच. क्लच दाबला, टाच, टाच, टाच, आणि क्लच सोडून दिला. मागचं चाक किंचाळलं, गाडी जागच्या जागी शेपटी हलवायला लागली आणि त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं.

“हाऊ गिअर शे का दारनी कडी?” ते ओरडले. जीभ जड झाली होती, पण शिव्यांना ती अडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी टाचांचा हिशेबच चुकला. आमच्या गाडीत पहिल्याच्या खाली न्यूट्रल आहे. एक टाच जास्त पडली की गाडी मोकळी. मी रेस देतेय, इंजिन बोंबलतंय, गाडी मात्र पाहुण्यासारखी आपली रमत गमत चाललीये.

ते जड जिभेने ‘दुसरा’ म्हणेपर्यंत वळण मागे पडायचं. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. ते उजव्या हाताने माझ्या खांद्यावर एक थाप मारणार, मी एक टाच मारणार. एका टाचेला एकच गिअर. आधी ब्रेकने वेग कमी करायचा, मग क्लच, मग टाच, मग जराशी रेस देऊन क्लच हळूहळू सोडायचा. रेस दिली की हिसका बसत नाही हे आमच्या दोघांच्या हेल्मेटांनी मिळून शोधून काढलं.

मग मी विचारलं, “आणि मोलगीचा घाट कसा उतरायचा?”

ते म्हणाले, “उतरनं काय? गाडी बंद करानी आन मोकळी सोडानी.”

मोलगीच्या बाजारातले सगळे दुकानदार घाट असाच उतरतात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, तेवढंच पेट्रोल वाचतं. संध्याकाळी त्या गाड्या आवाज न करता एकामागून एक घसरत येतात आणि माणसं एकमेकांशी गप्पा मारत असतात. इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याने गिअरमध्ये घाट उतरलाच नव्हता. चढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, उतरण्यातलं त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

त्यांच्या पद्धतीने करून पाहू म्हटलं. अक्कलकुव्याच्या पुढे एका लहान उतारावर मी गाडी बंद करून सोडली. दोन माणसं, दोन पेट्या. गाडी सुटली ती सुटलीच. ब्रेक दाबत राहिले, त्याचा जळका वास यायला लागला, आणि पायाखाली तो मऊ पडत गेला. खाली सपाटीला गाडी आपणहून थांबली. मी उतरून पेट्यांचे दोर पाहिले, घट्ट होते.

ते माझ्याकडे बघत होते. “भ्याव नही वाटनं तुले?”

“नाही.” खरंच नव्हतं वाटलं. झाड जवळ येत होतं, एवढं दिसलं होतं.

“माले वाटनं,” ते म्हणाले. “पडनू तवय बी इतलं नही वाटनं.”

ठरलं, घाट गिअरमध्ये उतरायचा. त्यांना तो अपमान वाटत होता, तरी.

बाजाराच्या दिवशी चढ बरा गेला. मोलगीला पोचलो तर महूखाली कव्हरांची रंगीत पथारी पसरलेली, आणि आमचा दगड बाजूला ढकललेला. मिरचीवाली मावशी त्या माणसाच्या सात पिढ्या काढत होती. त्याने आधी गाडी पाहिली, मग ट्यूबच्या फासातून मी सोडवत असलेला पाय, मग माझ्या पायातले भलेमोठे बूट.

“गाडी कोनी आनी?” त्याने विचारलं.

“हिनी,” नवरा म्हणाला. त्या एका शब्दात त्यांनी एवढी ऐट भरली, जणू मी विमान उतरवलं होतं.

तो कव्हरं गोळा करायला लागला. “काका, आज बसा. पुढला बाजारले नही उनात, तं मंग मी उठाव नही.”

म्हणजे जागा एका बाजारापुरतीच वाचली होती. पुन्हा येता यायला हवं होतं, आणि त्यासाठी आधी धड उतरायला.

त्या दिवशी बायका मणी घ्यायला आल्या, नवऱ्याचा पडलेला हात उचलून बघून गेल्या. ते त्यांच्याशी बोलत होते, मी सुटे देत होते.

उतार लागला. मी तिसऱ्यात, इंजिन चालू. मागून एकेक दुकानदार न बोलणाऱ्या गाडीवरून पुढे निघाला.

“भाभी, घरमा पेट्रोलना पंप शे का?” एकाने जाता जाता विचारलं.

“दोन शेतस!” मी ओरडले.

एका वळणाआधी खांद्यावर एक थाप पडली. मी क्लच दाबला, टाच उचलली, आणि नेमक्या कुठूनशा बकऱ्या रस्त्यावर आल्या. टाच पडली, पुन्हा पडली, पुन्हा पडली. क्लच सोडला तर इंजिनचा ओढा नाहीसा झाला. गाडी न्यूट्रलमध्ये गेली, हलकी झाली. वारा वाढला.

आणि तेव्हा ती आली, भीती. मागे तो माणूस फासात पाय अडकवून बसलाय आणि त्याला उडीसुद्धा मारता येणार नाही, हे मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं. दोन्ही ब्रेक दाबले. क्लच. चवडा एकदा, चवडा दुसऱ्यांदा. जरा रेस. हात ओरडत होता सोड म्हणून, तरी क्लच हळूहळू सोडला. गाडी रेड्यासारखी कण्हली आणि तिने गिअर धरला. बकऱ्या आपापल्या बाजूला झाल्या.

खाली टपरीवर थांबलो. मला स्टँड लावता येईना, टपरीवाल्याने गाडी धरली. चहा बशीत ओतला तर अर्धा जमिनीवर गेला.

“भ्याव वाटनं?” त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. त्यांनी उजव्या हाताने माझी बशी स्थिर धरली.

ही भीती फार वेळ टिकली नाही. तळोदा येईपर्यंत आत पुन्हा तसंच सुन्न झालं होतं, आणि दिरांना घाट करून दाखवताना मी बकऱ्यांचे आवाजसुद्धा काढले. पण त्याआधी टपरीवर, चहा संपायच्या आत, ते रिकाम्या होत आलेल्या पेटीत हात घालून चाचपत म्हणाले, “पुढला बाजारले लाल मनी जास्ती लेवा पडतीन.”