गरम उकडीचा धडा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही ‘नीड’ (knead, ‘गरज’वालं need नव्हे) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारलात आणि मी नुसतं ‘मळणे’ म्हणाले. ते अपुरं होतं, म्हणून लिहिते. पोलादपूरजवळच्या एका शाळेत मी नुकतीच इंग्रजी शिकवू लागले होते. हा शब्द आला तेव्हा मी वर्गात परात नेली आणि तांदळाच्या पिठात गार पाणी घालून मळू लागले. इंग्रजीच्या धास्तीने शाळा सोडायला निघालेली एक मुलगी मागून हसली. “बाई, ह्याची भाकरी थापताच फाटंल!” मी परात तिच्यापुढे सरकवली. “मग तूच दाखव.” तिने शेजारच्या घरातून आधणाचं पाणी आणलं, पिठात ओतलं आणि वाफाळती उकड तळव्याने दाबत, मुडपत, पुन्हा दाबत राहिली. वर्गभर पेजेसारखा वास पसरला. “हात भाजत नाय गो?” मैत्रिणीने विचारलं. “भाजतो. पण निवल्यावर मळून उपेग नाय.” गोळा लोण्यासारखा झाल्यावर मी तिच्या हाती खडू दिला. ‘मी पीठ मळते’ हे तिने फळ्यावर इंग्रजीत बिनचूक लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बाकावर बसली. ती परात माझ्याकडे अजून आहे, आणि मी उकड गरम असतानाच मळते.