मोतीराम मास्तरांनी मोडलेला शब्द

करमाडच्या छोट्या चर्चचे मोतीराम मास्तर काही फादर नव्हते बरं का. ते साधे प्रचारक, प्रार्थना शिकवणारे. फादर महिन्यातून एकदा शहरातून यायचे आणि पापकबुली ऐकून जायचे. पण माणसाचं मन काय महिनाभर थांबतंय व्हय? लोक मास्तरांकडंच यायचे, पायरीवर बसून रडायचे. "माफी फादर देतील, मी नुसता ऐकतो. पण इथलं बाहेर जाणार नाय," असं मास्तर सांगायचे. आणि कधी गेलंही नव्हतं.

बन्सी असाच आला. त्यानं रडत सांगितलं, कृष्णाची पिकअप मागून नेली, जालना रोडवर एका सायकलवाल्याला उडवलं आणि घाबरून पळ काढला. माणूस जागीच गेला. पोलिसांनी उचललं मात्र गाडीच्या मालकाला, कृष्णाला. तो बिचारा ओरडून सांगत होता की गाडी बन्सीकडं होती. बन्सीनं कानांवर हात ठेवले.

"लेकरा, तूच जाऊन सांग रे," मास्तरांनी हात जोडले.

"तुम्ही शब्द दिलाय, मास्तर," बन्सी म्हणाला आणि निघून गेला.

पण त्याला पायरीवर रडताना कृष्णाच्या बायकोनं, रूपानं, पाहिलं होतं. तिच्या सांगण्यावरून कृष्णाच्या वकील उजमा मास्तरांकडं आल्या.

"मॅडम, ते देवापुढं बोललेलं हाय."

"बायकोला सांगितलेलं, वकिलाला सांगितलेलं कायदा झाकून ठेवतो, मास्तर. तुमचं नाही. फादर असते तरी झाकलं नसतं. तुम्हाला समन्स येईल."

मास्तर कात्रीत सापडले. बोलावं तर शब्द जातो, गप्प राहावं तर निरपराध माणूस आत सडतो. करावं तरी काय त्या जिवानं?

कोर्टात मास्तरांनी शपथ घेतली. न्यायाधीशांनी विचारलं, "बन्सी तुम्हाला काय म्हणाला?" मास्तरांनी कृष्णाकडं पाहिलं. मग सगळं सांगितलं आणि साक्षीच्या पिंजऱ्यातच हमसून हमसून रडले.

त्या जबाबावरून तपास फिरला. बन्सी आत गेला, कृष्णा घरी आला.

त्यानंतर मास्तरांच्या पायरीवर कोणी फिरकेना. लोक नमस्कार करायचे आणि पुढं जायचे. लई लागलं त्यांना ते.

एका दुपारी बन्सीची आई भामाबाई आली. मास्तर धडपडत उठले. शिव्या खायची तयारी होती त्यांची.

"भामाबाई, मला काही सांगू नगा. माझ्यापाशी राहत नाय आता."

"म्हणूनच आले," म्हातारी खाली बसली. "पोरगं तुमच्याकडनं आलं त्याच दिवशी पोलीस ठाण्यात निघालं होतं, मास्तर. मीच दार अडवलं. हे बी कोर्टात सांगा."