भावजींचं पथ्य

थोरले भावजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर टाकली, दोन्ही अंगांनी भाजली, मंगच हात धुतले. त्याला महिना होत आला. जो तो म्हणून राह्यला, देवमाणूस गेला... माझी कमल देवाघरी धाडली ती याच देवमाणसानं! मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत होते तेव्हा तरी कुठं बोलू दिलं?

भावजींचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान. दिवसभर गादीवर बैठक, ताटात रोज गूळ-तूप, देह सुटलेला. पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी, पन्नाशीत, त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरनं गोड तोडलं, चालायला लावलं. भावजी हट्टाचे, कारल्याचा रस प्यायले, रोज मस्तगडापर्यंत फेरी मारली, पोट उतरवलं आणि सहा महिन्यांत ठणठणीत झाले. तिथवर कौतुकच. पुढं मात्र दिसेल त्याला कारलं सांगत सुटले.

त्याच साली माझ्या दहा वर्षांच्या कमलची तहान भागेनाशी झाली. तांब्या तांब्या पाणी प्यायची, माझ्या बरोबरीनं भाकरी खायची, अन् तरी परकर कमरेवरून घसरायचा. डॉक्टरनं तिची लघवी निळ्या औषधात उकळली. निळ्याचं विटकरी झालं. रोज दोनदा इन्सुलिनची सुई सुरू केली. आठ दिवसांत पोरगी अंगणात लंगडी खेळायला लागली. पुढं तर स्वतःच्या हातानं टोचून घ्यायला शिकली.

डॉक्टरनं मला बराबर समजावलं होतं. "नाव एक असलं तरी दोघांचं दुखणं एक न्हाई, बाई. साखर जिरवणारा रस तुमच्या भावजींच्या अंगात आहे, पण सुटलेल्या देहात त्याचा जोर चालत न्हाई. म्हणून त्यांना पथ्य लागू पडलं. हिच्या अंगात तो रस बनायचाच थांबलाय. का थांबला, आम्हालाही ठाऊक न्हाई. गोड खाल्ल्यानं न्हाई, एवढं नक्की. तो बाहेरूनच द्यायचा, जन्मभर."

शब्दाला शब्द मी भावजींना सांगितलं. ते हसले.

"शक्कर म्हणजे शक्कर! मी बरा झालो का न्हाई? जन्मभर सुया टोचणाऱ्या पोरीला कोण करून घेणार? सुट्टीत हसनाबादला नेतो. महिन्यात सुई सोडवतो बघ."

आमचे हे थोरल्या भावापुढं मान वर करत नव्हते. कमल गेली हसनाबादच्या शेतावर. तिथं सकाळ-संध्याकाळ कारल्याचा रस. चौथ्या दिवशी उलट्या, धाप... जालन्याला आणेस्तोवर गाडीतच संपली. भावजी म्हणाले, "तिचं आयुष्यच तेवढं." अन् सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाची जीभ झडली न्हाई!

शेवटी भेटले तेव्हा त्यांच्या पायाची जखम चिघळल्ती. त्यांनाही सुई सुरू झाल्ती, अन् मुकाट घेत होते.

"सुमन, मला माफ केलंस का गं?"

"न्हाई," म्हणाले मी, आणि पदर सावरून उठले. त्याचं मला काडीचं वाईट वाटत न्हाई.

पण सुईचा डबा अजून माझ्या कपाटात आहे. हसनाबादला निघताना कमल तो हातात घेऊन उभी होती. "आई, हा पेटीत ठेवू?" भावजी तेव्हा बाहेर गाडी जुंपून राह्यले होते, आत आम्ही दोघीच. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "राहू दे बाळा. काका सांगतील तसं कर."