पिवळ्या पंखांची ओळख

दक्षिण आफ्रिकेतल्या वाकरस्ट्रूमच्या दलदलीत खोंबिसिलेच्या नवऱ्याचं सारं आयुष्य गेलं, आणि तेही कशापायी, तर एका एवढ्याशा फुलपाखरापायी! माखोसोंके पाणथळीचा राखणदार. बायकोला काठावर नेऊन दाखवायचा, "वरून नुसतं काळसर, ठिपका म्हणून नाही. पंख मिटले की खालून पिवळं, त्यावर फिकट रेघा. तेच आपलं."

"इतकं निरखून मला कधी पाहिलंत का?" ती म्हणायची.

त्या फुलपाखराची अळी पाणगवताचं पान गुंडाळून आत राहते, हिवाळाही तिथेच काढते. गुरांना कोवळा चारा मिळावा म्हणून गावकरी हिवाळा सरताना, ऑगस्टात, गवत पेटवत. तेव्हा माखोसोंके ओल्या पोत्यांनी आग झोडपून मधला एक तुकडा वाचवायचा.

एका जूनमध्ये माखोसोंके वारला. खोंबिसिलेने सुतकाचे काळे कपडे चढवले. तिथल्या रीतीप्रमाणे अशा बाईने वर्षभर गुरांत, उगवत्या गवतात पाऊल टाकायचं नसतं. म्हणून तिने धाकट्या दिराला, भेकुमुझीला विनवलं, "भावोजी, तो तुकडा तेवढा सांभाळा." तो हो म्हणाला आणि आगीच्या धांदलीत साफ विसरला. सगळं जळालं.

डिसेंबरात फुलपाखरं उडायचे दिवस आले. वहिनी पायवाटेवर उभी राहायची आणि भेकुमुझी या उतारवयात कमरेएवढ्या पाण्यात शोधत फिरायचा. त्याच्या मनाला ते फार लागलं होतं. एका दुपारी तो ओरडतच आला, "वहिनी, सापडलं! काळं आहे की नाही बघा!"

खोंबिसिले त्याच्या चिमटीवर वाकली. तो नखशिखांत भिजला होता. हो म्हणून टाकावं, असं तिला फार वाटलं.

"नाही हो भावोजी. पंखांवर सोनेरी ठिपके आहेत. हे दुसरं."

त्याने फुलपाखरू सोडलं आणि तो चिखलातच बसला. "म्हणजे मीच मारली सगळी."

"हो, तुम्हीच." तिला रडू आवरेना. "पुढच्या ऑगस्टात माझं काळं उतरलेलं असेल. पोती भिजवून दोघं उभे राहू."

"आता कशासाठी? आत आहे काय?"

"पलीकडच्या पाणथळीतून एखादी मादी येईल अंडी घालायला."

"आणि नाही आली तर?"

खोंबिसिलेने काळ्या शालीच्या टोकाने डोळे पुसले.

"तर तुमच्या भावाचा तुकडा म्हणून राखू."