सही त्यांची, मजकूर माझा

"बघितल्यालं का ऐकल्यालं?"

कुणीही काहीही सांगायला आलं, की आमचे आबा हवालदार उजव्या हाताचं बोट आधी डोळ्याखाली न्यायचे, मग कानाच्या पाळीला लावायचे आणि हे विचारायचे. चहावाला "बाजारात लई गर्दी हाय" म्हणाला तरी त्याची सुटका नव्हती. "आवं, बघूनच आलो की!" असं तो कावून म्हणाला, की मगच आबा कप उचलायचे. तुमच्याही माहितीत असा एखादा खोदून विचारणारा माणूस असेल. अशा माणसाला आपण हसतो. मीही हसायचो.

आमच्या ठाण्यात ते गोपनीयचं काम बघत. साध्या कपड्यात गावोगाव फिरायचं, कानोसा घ्यायचा आणि साहेबांना अहवाल द्यायचा. मी रायटर, म्हणजे ठाण्यातलं लिहिण्याचं काम करणारा शिपाई. नोकरीत नवा होतो. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या गावांतून आबांची सायकल फिरायची. त्यांच्या वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ असे. डावीकडं बघितलेलं, उजवीकडं ऐकलेलं. ऐकलेल्याच्या खाली, कुणी सांगितलं आणि सांगणाऱ्याचं त्यात काय अडकलंय, तेही.

"एवढं कशाला लिहिता आबा?" मी एकदा विचारलं.

"आमच्या घरात पयल्यापासून मेंढरं. ऐकीव लांडग्याला भिऊन कळप उधळला, तर मेंढरं हिरीत पडत्यात. लांडगा ऱ्हातो बाजूलाच."

मुंबईतल्या बाँबस्फोटांनंतरची ती वर्षं. एके दिवशी पुण्याहून पाकीट आलं. एका मित्रदेशाच्या सरकारनं आपल्या सरकारला कळवलं होतं, की आखातात राहून आलेला एक माणूस घातपात करणाऱ्यांच्या संपर्कात आहे आणि तो बहुधा आमच्याच भागातला आहे. सोबत इंग्रजीत लिहिलेलं नाव आणि बापाचं नाव. एवढ्या लांबून आलेला कागद आपल्या टेबलावर पडलाय, याचंच मला अप्रूप वाटलं.

आबांनी तो दोनदा वाचून घेतला. "तिकडच्या लोकांनी आपल्यावर इस्वास ठेवून कळवलंय," ते म्हणाले. "आता आपुन कळवू ते धड पायजे."

त्या नावाचा एक माणूस महामार्गाजवळ पाण्याच्या मोटारी भरून द्यायचा. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, असलं नाजूक काम. दोन वर्षांपूर्वी आखातातून परतलेला. आबांनी आठवडाभर त्याच्या दुकानासमोर चकरा मारल्या आणि वही माझ्यापुढं ठेवली. डावीकडं होतं: दुकान वेळेवर उघडतो, वेळेवर बंद करतो. रेशनकार्ड बघितलं, बापाचं नाव कागदातल्या नावाशी जुळत नाही. उजवीकडं होतं: परदेशातून फोन येतात. दोन अनोळखी इसम मुक्कामी राहून गेले. त्याखाली: शेजारचा दुकानदार सांगतो, त्याचं याच्याशी जागेवरून भांडण आहे.

साहेबांना अहवाल एका पानात हवा होता. "गोळीबंद पाहिजे," ते म्हणाले होते. आणि मला साहेबांची शाबासकी हवी होती. मी टाइपरायटरवर बसलो. 'शेजारी सांगतो' हे शब्द गाळले. भांडण गाळलं. बापाचं नाव जुळत नाही हे वाक्य टाइप केलं होतं, पण त्यानं सगळा अहवालच पोकळ वाटायला लागला. ते पान काढून मी दुसरं घातलं. उरलं ते असं: सदर इसमास परदेशातून दूरध्वनी येतात. दोन अनोळखी इसम त्याच्याकडे मुक्काम करून गेले आहेत.

वाचायला फार झोकदार झालं होतं.

आबा माळेगावला कारखान्याच्या निवडणुकीच्या बंदोबस्ताला निघाले होते. गाडी दारात उभी. "वाचून बघा," मी म्हणालो. ते मी जोर देऊन म्हणालो नाही, हे मला आजही आठवतं.

"तुमी लिवलंय न्हवं? मग बरोबरच असंल," म्हणत त्यांनी उभ्याउभ्याच सही केली.

चौथ्या दिवशी बाहेरचं पथक आलं आणि त्या माणसाला दुकानातून घेऊन गेलं. सोळा दिवस तो कुठं होता ते घरच्यांना कळलं नाही. सोळा दिवसांनी उमगलं, की हा तो नव्हेच. फोन आखातातल्या जुन्या सोबत्याचे होते. मुक्कामाला आलेले दोघं त्याचे मेहुणे. खरा माणूस दुसऱ्याच जिल्ह्यातला निघाला आणि आम्ही या गड्याला धरून बसलो होतो त्या दिवसांत तो पसार झाला. पुढं तो कुठं गेला, त्यानं काय केलं, ते आम्हाला कुणी कळवलं नाही. मी बरीच वर्षं वर्तमानपत्र उघडताना आधी स्फोटाची बातमी आहे का ते बघायचो.

तो परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. तार आता त्याची बायको गुंडाळायची. तो शेजारी बसून सांगायचा.

पुण्याहून मोठे साहेब चौकशीला आले. अहवाल त्यांनी आबांपुढं धरला. "ही सही तुमची?"

आबांनी कागद वाचला. पहिल्यांदाच वाचत होते. सावकाश, एकेका शब्दावर थांबत. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जबानी उतरवून घ्यायला तिथंच बसलो होतो, हातात पेन. त्यांची वही त्यांच्या खिशात होती. ती त्यांनी नुसती बाहेर काढली असती तरी पुरे होतं.

"व्हय साहेब. सही माझीच," ते म्हणाले. "न वाचता क्येली. चूक माझी."

आणि मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. एक अक्षरही गाळलं नाही.

त्यांची बदली पहाऱ्यावर झाली. जाण्याआधी ते त्या मेकॅनिकच्या घरी गेले, उंबऱ्याशी बसले, आणि "माझ्या सहीनं तुमचं वाटुळं झालं" असं म्हणाले. त्याच्या बायकोनं दार लावून घेतलं. ते पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी तिनं पाणी दिलं म्हणे. हे मी ऐकलेलं.

ते निवृत्त होऊन काटेवाडीजवळ आपल्या रानात राहायला गेले, तेव्हा मी धीर करून भेटायला गेलो. ते वांग्यांना पाणी देत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दारं मोडलं, पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं.

"ते मला म्हायती हाय, रायटर. मला सांगून काय उपेग? त्याला सांगा."

मी गेलो त्याच्या दुकानात. मोटार दुरुस्तीला टाकली. चार दिवसांनी आणायला गेलो, तेव्हाही बोललो नाही. घरी मोटार चांगली चालली.

आबा त्यानंतर वर्षभरातच गेले. दहाव्याला नदीकाठी माणसं फार नव्हती. तो मेकॅनिक आला होता, बायकोसह. मला ओळखून जवळ आला.

"साहेब, तुमी त्यांच्यासंगं कामाला व्हता न्हवं?"

"हो."

"चूक कुनाच्या बी हातनं व्हती. पर घरी येऊन कबूल करनारा मानूस म्या दुसरा बघितला न्हाय." त्यानं डोळे पुसले. "तुमाला तर लई जवळनं म्हायती आसंल."

सांगायला त्याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "होय. फार भला माणूस."

घाटाची पायरी ओली होती. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्यासाठी पायरीवर अंथरला आणि म्हणाला, "बसा साहेब."

मी बसलो.