फलश्रुती नसलेलं पारायण

कॉलेजात मी दरवर्षी एक कादंबरी शिकवते. जहाज फुटून एक खलाशी उजाड खडकावर अडकतो. तुटकं वल्हं रोवून त्याला आपला सदरा बांधतो, रोज त्या वल्ह्यापुढे प्रार्थना करतो आणि शेवटी सुटतो. वल्हं म्हणजे श्रद्धा, खडक म्हणजे संशय, असं मी फळ्यावर लिहून देते. मुलं उतरवून घेतात आणि परीक्षेत तेच लिहितात.

यंदा माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावरून बेपत्ता झाला. संध्याकाळी डेकवर दिसला होता, सकाळी नव्हता. कंपनीच्या माणसाने फोनवर आधी शोध चालू असल्याचं सांगितलं, मग थांबवल्याचं. दोन्ही वेळा त्याचा आवाज सारखाच होता.

भाट्याला, समुद्रकाठच्या आमच्या घरी, आई जेवेना, झोपेना. तिला कशात तरी गुंतवावं म्हणून हाताशी होती तीच कादंबरी मी वाचून दाखवायला घेतली. दुसऱ्या दिवशी बघते तर पुस्तक पाटावर, शेजारी समई, आणि मुखपृष्ठावरच्या दाढीवाल्या खलाशाच्या कपाळाला कुंकू! आई आंघोळ करून हात जोडून बसलेली.

"पोथीसारखी वाच गो," ती म्हणाली. "एकदा धरली की मधे सोडायची नाय. समाप्तीला येतो की नाय बघ तो."

मी भडकले. कुणा परक्याने पोटासाठी लिहिलेली गोष्ट आहे ही, पोथी नव्हे, असं तोडून बोलले. तिने समईची वात तेवढी सारखी केली. मग काय, वाचत राहिले, रोज एक प्रकरण. खलाशाने सदरा बांधला त्या दिवशी आईने भावाचा निळा शर्ट कपाटातून काढला आणि अंगणातल्या बांबूला समुद्राच्या बाजूने बांधला. लांबून दिसायला हवा, म्हणाली. वर्गात इतकी वर्षं मी नक्की काय बडबडत होते, ते मलाच कळेना.

मामा येऊनजाऊन एकच लावून धरायचे. देह मिळत नसेल तर दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्यावी, नाहीतर जीव अडकून राहतो. आई म्हणायची, "पारायण होऊ दे." मामांचा जीव-बीव मला पटत नव्हता, पण क्रिया व्हावी असं मलाही वाटायचं. खोट्या आशेवर तिला किती दिवस ठेवायचं?

समाप्तीला तिने प्रसादाचा शिरा केला. मी शेवटचं पान वाचलं. जहाज आलं, दोर पडला, खलाशी वर चढला. आईचे हात जोडलेलेच.

"आता फलश्रुती वाच."

पोथी वाचणाऱ्याला काय फळ मिळतं, ते पोथीच्या शेवटी दिलेलं असतं. मी पान उलटलं. मागे कोरा कागद होता.

"ह्यात नसते, आई."

तिने पुस्तक हातात घेतलं, त्या कोऱ्या पानावरून बोट फिरवलं आणि ते मिटलं. शिरा निवत होता. फाटक वाजलं नाही, फोनही वाजला नाही.

"भटजींना कळव," ती म्हणाली. "उद्याच येत असतील तर बरं."

मला हेच तर हवं होतं. आणि मी तिच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं, पहिलं पान उघडलं. "आई, परत वाचू या. मी मनापासून वाचलं नाही ना, म्हणून. ह्या वेळी नीट वाचते, आंघोळ करून बसते. एकदाच." मी रडत होते आणि बोलणं थांबवता येत नव्हतं.

आईने माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"नको गो बाय," ती म्हणाली. "किती दिवस भिजतोय तो. जाऊ दे आता त्याला."